चौथ्या मजल्यावरची खारी टाकी: सल्लागाराची फी वसूल झाली का?

आधी पैशांचं सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. हॉलमधली खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची (कोरलची) टाकी 5 फूट लांब, अडीच फूट रुंद, 2 फूट उंच. आराखडा, सल्ला आणि उभारणीवर देखरेख याची फी 40,000 रुपये, निम्मी आगाऊ. सामानसुमान, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन धरून एकूण खर्च 5 लाखांच्या थोडा पुढे गेला. विजेचं बिल उन्हाळ्यात महिन्याला 3,000 रुपयांनी वाढतं, पावसाळ्यात त्याच्या निम्म्याने. एवढे पैसे मिठाच्या पाण्यात घातल्याबद्दल माझी नणंद जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी निवृत्त आहे, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रवाळाच्या टाकीची हौस आमच्या ह्यांची. अंदमानला स्वराज द्वीपला एकदा पाण्याखाली डोकं घातलं आणि तेव्हापासून हॉलमध्ये समुद्र हवा हे त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. कोथरूडला आमचा फ्लॅट, इमारत नव्वदच्या दशकातली, मजला चौथा. त्यामुळे माझा प्रश्न मासे कुठले आणायचे हा नव्हताच. हे वजन खाली कोणाच्या डोक्यावर पडणार, हा होता.

सल्लागाराचं नाव देत नाही. ते एकटे काम करतात, हाताखाली एक मदतनीस मुलगा, वर्षाला मोजकीच कामं घेतात. लिहू का म्हणून विचारलं तर "लिहा, पण नाव घालू नका, फोन उचलायला माणूस नाही" म्हणाले. त्यांना ओळखणारे ओळखतीलच. बाकीच्यांना निदान आपल्या सल्लागाराला काय विचारायचं ते कळेल.

पहिल्या भेटीला ते माशांचे फोटो घेऊन आले नाहीत. मोजपट्टी, टॉर्च आणि पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन एवढंच सामान. ह्यांनी हॉल आणि डायनिंगच्या मधोमध, दोन्हीकडून दिसेल अशी टाकी योजली होती. गृहस्थांनी वर छताकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका, इथे नको." मग वहीच्या पानावर हिशेब मांडला. वरची टाकी आणि तिच्याखालच्या कपाटातली दुसरी टाकी (पाणी दोन्हींतून फिरत राहतं) मिळून पाणी सुमारे 700 लिटर, म्हणजे 700 किलो आणि वर मीठ. 15 मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेसदतीस किलो भरते, ती वरच्या टाकीलाच 140 किलोंच्या पुढे लागणार. दगड, वाळू, लोखंडी स्टँड. सगळं मिळून 1,100 किलोंच्या आसपास, आणि ते उभं राहणार सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. राहत्या खोल्यांसाठी आपल्याकडे भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ 200 किलो भार धरतात. तो खोलीभर पसरलेल्या भाराचा आकडा आहे, त्यामुळे टाकी ठेवताच येत नाही असं नाही. पण स्लॅबच्या मधोमध ठेवणं वेगळं आणि खाली बीम असलेल्या भिंतीलगत, कॉलमजवळ ठेवणं वेगळं.

एवढं सांगून ते म्हणाले, "हे मी सांगतोय त्यावर जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी आणा. ते पत्र आल्याशिवाय मी काच कापायला देत नाही." इंजिनिअरने इमारतीचे जुने नकाशे मागितले, येऊन पाहून गेला, 8,000 रुपये घेतले आणि एक भिंत मंजूर केली. तीही ह्यांना अजिबात न आवडलेली, टीव्हीची. टीव्ही बेडरूममध्ये गेला. पत्राची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना दिली, एक खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला. त्यांनी चहा पाजला, पत्र दोनदा वाचलं आणि विमा आहे का ते विचारलं.

माझ्या मते 40,000 पैकी निम्मे इथेच फिटले. याआधी आम्ही दोन-तीन दुकानांत चौकशी केली होती, त्यातल्या एकानेही आमचा मजला कितवा हे विचारलं नव्हतं.

पुढचा मुद्दा पाणी, आणि हा माझ्या आवडीचा. गृहस्थांनी नळाचं पाणी मोजलं. खडकवासल्याचं पाणी मऊ, टीडीएस शंभराच्या आत. मग विचारलं, "टँकर कधी येतो?" मे महिन्यात सोसायटीत टँकर येतात, बोअरचं पाणी. त्या पाण्याचा आकडा साडेसातशेच्या घरात निघाला. ह्यांचं म्हणणं, स्वयंपाकघरात आरओ आहेच की. तर त्यावरही नको. घरगुती आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात, म्हणजे जे काढायचं तेच पुन्हा आत. प्रवाळाच्या टाकीला शून्य टीडीएसचं पाणी लागतं. आरओच्या पुढे आयन एक्स्चेंज रेझिनचा डबा, ज्याला हे लोक डीआय म्हणतात. सिलिकेट आणि फॉस्फेट आत गेलं की शेवाळ माजतं, आणि जुन्या पाइपांतून किंवा पितळी तोट्यांतून येणारं तांबं फार थोडं असलं तरी कोळंबी, गोगलगायींना पुरतं. आयन एक्स्चेंज मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं. रेझिनचा रंग खालून वर बदलत जाताना घरच्या गॅलरीत पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आरओचं वाया जाणारं पाणी तयार पाण्याच्या तिप्पट-चौपट असतं. ते त्यांनी वेगळ्या ड्रमात घ्यायला लावलं, आता त्यात फरशी पुसली जाते आणि संडासात जातं. गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून शुद्ध पाण्याचा 200 लिटरचा वेगळा साठा. "समुद्राचं पाणी आणलं तर?" असं ह्यांनी विचारून पाहिलं होतं, आमचे व्याही अलिबागला असतात. किनाऱ्याजवळचं पाणी खाडीच्या गाळाचं, बोटींच्या तेलाचं, पावसाळ्यात खारेपणा उतरलेलं. पुन्हा नको. मीठच विरघळवायचं, लिटरला साधारण 38 ग्रॅम. पहिल्या भरण्यालाच 26-27 किलो लागलं.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. तो दुकानात शुद्ध पाण्यावर शून्य करून देतात. गृहस्थ म्हणाले, शून्यावर बरोबर असलेलं यंत्र 35 वर, म्हणजे समुद्राच्या खारेपणावर, बरोबर असेलच असं नाही, 35 च्या प्रमाण द्रावणावर तपासा. द्रावणाची छोटी बाटली 900 रुपयांना. मी म्हटलं, साध्या सोडियम क्लोराइडचं 3.65 टक्के द्रावण त्याच अपवर्तनांकाचं असतं, घरीच करते. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तेव्हापासून मी "मॅडम"ची "काकू" झाले. यंत्र 2 अंकांनी जास्त दाखवत होतं.

आता गळतीची परीक्षा. मला या कामात सगळ्यात पटलेला भाग हाच. टाकी बसली, पाइप जोडले, आणि मीठ घालायच्या आधी साध्या पाण्यावर सगळं चालू केलं. वरच्या टाकीतून पाणी ओव्हरफ्लोच्या खणात सांडतं, तिथून तीन नळ्यांनी कपाटातल्या टाकीत उतरतं आणि पंप ते परत वर ढकलतो. तीन नळ्या का? पहिलीतून नेहमीचं पाणी पूर्ण भरून, आवाज न करता वाहतं. दुसरीतून थोडीशी धार. तिसरी कोरडी, निव्वळ संकटासाठी. गृहस्थांनी बाही वर सारली आणि पहिल्या नळीच्या तोंडावर तळवा दाबून धरला. पाणी चढलं, दुसरी नळी खळखळायला लागली. मग मदतनीस मुलाला दुसरीही बंद करायला सांगितली. पाणी आणखी एक बोट चढलं आणि तिसरीत धडाधड कोसळायला लागलं. हॉलमध्ये तो आवाज ऐकून हे फडकं घेऊन धावले. थेंब बाहेर आला नाही.

मग त्यांनी मेन स्विच पाडला. वीज गेली की वरचं पाणी उलटं पंपाच्या पाइपातून खाली येतं. या टाकीत पातळी 1 सेंटीमीटर उतरली की 11 लिटर खाली येतात, हे गणित त्यांनी आधीच कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. तीन सेंटीमीटर उतरून पाणी थांबलं, खालच्या टाकीत त्याहून जास्त जागा मोकळी होती. आमच्याकडे महावितरणची दुरुस्ती गुरुवारीच असते, म्हणजे वीज आणि पाणी दोन्ही एकाच दिवशी जाण्याचा योग नेहमीचाच. त्यासाठी इन्व्हर्टरवर फक्त पंप आणि पाणी हलवणारे वेव्हमेकर घेतले. पाणी थंड करणारा चिलर नाही, दिवे नाहीत. "काही तास अंधार चालतो, गरमही थोडं चालतं," ते म्हणाले, "पाणी थांबलेलं चालत नाही. ऑक्सिजन आधी संपतो."

चिलरवर थोडी वादावादी झाली. मला तो खर्च नको होता, पंखे लावून भागेल असं वाटत होतं. पंख्याने पाणी उडतं आणि तापमान एक-दोन अंशांनी उतरतं हे खरं. त्यांनी नकार दिला नाही, म्हणाले, मार्च संपेपर्यंत पंख्यांवर चालवू, तुम्ही रोज दुपारी तापमान लिहा. एप्रिल लागला, हॉलमध्ये दुपारी 35 अंश, टाकीत 30 च्या पुढे. प्रवाळाला 25-26 हवं असतं. त्याच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल जास्त उष्णतेत बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपला 1998 आणि 2016 मध्ये समुद्रातच असं झालं. चिलर आला, आणि हॉलमध्ये गरम हवा फेकू नये म्हणून गॅलरीत ठेवला, भिंतीतून पाइप काढून. हीटरही घ्यायला लावला. पुण्यात हीटर कशाला असं दुकानदार म्हणाला होता, पण जानेवारीत पहाटे घरात स्वेटर लागतो ते विसरून चालत नाही.

प्रवाळांबद्दल मात्र त्यांनी जे सांगितलं ते या छंदात पडू पाहणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. ह्यांच्या मोबाइलमध्ये परदेशी टाक्यांचे फोटो होते, फांद्याफांद्यांचे, मेंदूच्या आकाराचे, टोकाला जांभळे. गृहस्थांनी फोटो पाहिले आणि एक-एक करून बाजूला काढले. "हे सगळे कडक सांगाड्याचे. अनुसूची एक."

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972, त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली खडक बांधणारे सगळे प्रवाळ घातले गेले. काळा प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल, समुद्रपंखेही. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या पंक्तीला. समुद्रघोडेही त्याच सुमारास आले. पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षं कैद आहे. बाहेरून आणलेल्या कडक प्रवाळांवर सायटिस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं लागतात, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी कायद्यात वेगळी अनुसूचीच आहे. मालवणजवळ समुद्रात प्रवाळ आहेत, 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, पण तिथला एक तुकडाही उचलायचा नाही. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा मेलेला दगडसुद्धा त्यांनी घेऊ दिला नाही. आमचे दगड माणसाने बनवलेले, भाजलेले, पोकळ.

हे ऐकून ह्यांचं तोंड उतरलं. दोन दिवसांनी एका दुकानात (नाव नको) त्यांना सांगण्यात आलं, "साहेब, जे पाहिजे ते मिळेल. फक्त बिल मिळणार नाही." हे तो तुकडा घरी आणायच्या बेतात होते. सल्लागारांना फोन लावला, तर ते शांतपणे म्हणाले, "आणा. पण मग माझं काम संपलं. उरलेली फी देऊ नका." मला त्या वाक्याने माणूस कळला.

टाकीत आता आहेत ते सगळे मऊ प्रकार: लेदर कोरल, मश्रूम, झोअँथिड आणि झेनिया, जिची बोटं सारखी उघडमीट करतात. सगळे दुसऱ्यांच्या टाक्यांत कापून वाढवलेले तुकडे, प्रत्येकाचं बिल फाइलला. रंग त्या परदेशी फोटोंइतके झगमगीत नाहीत, हे मान्य. पण यांना कॅल्शियम फारसं लागत नाही, त्यामुळे कॅल्शियमचे डोसिंग पंप वगैरे त्यांनी विकलेच नाहीत. पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा पाणी बदललं की पुरतं. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मी दर रविवारी थेंब मोजून काढते, 8 ते 8.5 डीकेएचच्या मध्ये असते.

झोअँथिडबद्दल त्यांनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, आणि सांगताना एकदाही हसले नाहीत. यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. हाताला चीर असताना, डोळ्यांवर चष्मा नसताना त्यांना कापायचं नाही. ते चिकटलेला दगड गरम पाण्याने धुवायचा नाही, उकळायचा तर मुळीच नाही, वाफेतून घरातली सगळी माणसं आजारी पडल्याची उदाहरणं परदेशात आहेत. कपाटाच्या दाराला आतून मराठीत चिकटवलेला कागद आहे, त्यात पहिली ओळ ही. खाली हातमोज्यांचा डबा. नात येते तेव्हा कपाटाला कुलूप.

लेदर कोरल आणि इतर मऊ प्रवाळ एकमेकांवर रासायनिक युद्ध करतात, टर्पीन वर्गातली द्रव्यं पाण्यात सोडून. त्यासाठी अॅक्टिव्हेटेड कार्बन महिन्याला बदलायचा. हे ऐकून मला जो आनंद झाला तो घरात दुसऱ्या कोणाला झाला नाही.

मासे यायला खूप वेळ लागला. विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची साखळी बसेपर्यंत दीड महिना टाकीत नुसते दगड. काही लोक या काळात स्वस्त मासे सोडतात, मेले तर मेले. इथे अमोनियम क्लोराइड मोजून घातलं आणि मी रोज नोंद ठेवली. गौरी-गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी पाच लाखांचे दगड पाहिले. नंतर तपकिरी थर आला, मग शेवाळाचे हिरवे केस. गृहस्थ म्हणाले, येणारच, कुठलंही औषध घालू नका, गोगलगायी वाढवा, दिवे कमी वेळ ठेवा. गेले.

मासे निवडताना निळा टँग नको असं त्यांनी सांगितलं. नातीला हवा होता. तो फूटभर वाढतो, दिवसभर सरळ लांब पोहतो, त्याला ही टाकी अपुरी. क्लाउनफिशची जोडी मात्र समुद्रात नव्हे, हॅचरीत वाढलेली मिळाली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, सीएमएफआरआयने, यांच्या पैदाशीची पद्धत आपल्याकडेच बसवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण उरत नाही. हे मासे सगळे जन्माला नर म्हणून येतात, जोडीतला मोठा मादी होतो. मादी गेली तर उरलेला नर मादी होतो. नातीला हे सांगितल्यावर तिने वर्गात सांगितलं आणि बाईंचा फोन आला.

माझा लाडका म्हणजे पिवळा गोबी आणि त्याची पिस्तूल कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, ती दिवसभर बीळ खणते, वाळू बाहेर लोटते. गोबी दाराशी बसून राखण करतो, कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली. त्याने शेपूट थरथरवली की दोघं आत. मासे सगळे गृहस्थांच्या स्वतःच्या विलगीकरणाच्या टाकीत काही आठवडे राहून, औषध घेऊन आमच्याकडे आले. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ते प्रवाळाच्या टाकीत घालता येत नाही, म्हणून आधीच वेगळं ठेवणं. याचे त्यांनी माशामागे 500 रुपये लावले. योग्य.

एक गोष्ट त्यांनी सांगितली नसती तर कोणी सांगितली नसती. पावसाळ्यात डेंग्यूसाठी महापालिकेची धूरफवारणी होते. त्या औषधांत पायरेथ्रॉइड असतात, माणसाला थोडा खोकला, पण मासे आणि कोळंबीला जीवघेणी. आणि स्किमर नावाचं यंत्र खोलीतली हवा ओढून पाण्यात बारीक बुडबुडे करतं, म्हणजे धूर थेट टाकीत. त्यातून आमच्या स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढलेली, कारण बंद फ्लॅटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो. नळी बाहेर काढल्यावर 7.8 चा 8.1 झाला. गाडीचा आवाज आला की स्किमर बंद, खिडक्या बंद. डासांची उदबत्ती आणि फवारे घरातून हद्दपार झाले, आम्ही मच्छरदाणी लावतो. साधी उदबत्ती देवघरात चालू आहे, त्यावर मी ऐकून घेतलं नाही.

आता तक्रारी. वेळेचा हिशेब ह्या माणसाला नाही. "मंगळवारी येतो" म्हणजे गुरुवार. फोन रात्री नऊनंतरच लागतो, आणि प्रश्नाचं उत्तर लेखी येत नाही, चार-चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज येतो, ज्यात उत्तर शेवटच्या वीस सेकंदांत असतं. एवढ्या मोठ्या कामाचा आराखडा हाताने काढलेला एक कागद होता, पाइपांचा नीट नकाशा मी मागून मागून घेतला. व्हॉल्व्हवर खुणा नव्हत्या, त्या मी रंगीत टेपने केल्या.

टाकीवरच्या जाळीच्या झाकणाचं तर मला अजून वाईट वाटतं. फायरफिश उडी मारतो हे त्यांनीच सांगितलं होतं, जाळी करून देतो असंही म्हणाले होते. जाळी यायच्या आधी मासा आला. सकाळी तो सोफ्याखाली सापडला. गृहस्थांनी पैसे परत केले, दुसऱ्या दिवशी जाळी स्वतः बसवून गेले, पण क्रम उलटा हवा होता हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

चिलरचा घोंघाट गॅलरीत ठेवूनही झोपायच्या खोलीत येतो. त्याखाली रबराचे तुकडे लावायचं मला सुचलं, त्यांना नाही.

सामानावर ते कमिशन घेत नाहीत असं म्हणतात. मी पुणेकर असल्याने दिवे आणि पंप यांचे भाव दुसरीकडून मागवून पाहिले. सांगितलेल्या दुकानात थोडे कमीच होते. एक कंट्रोलर मात्र त्यांनी आग्रहाने घ्यायला लावला, 38,000 रुपयांचा. तापमान, पीएच मोबाइलवर दिसतं. ह्यांना नाटकाला गेल्यावर मध्यंतरात पाण्याचं तापमान बघायला आवडतं, याखेरीज त्याचा उपयोग मला दिसलेला नाही. तापमानाचा साधा कटऑफ 2,500 ला मिळतो आणि काम तेच करतो.

देखभालीचे त्यांचे महिन्याला 5,000 आहेत. पहिले काही महिने घेतली, नंतर मी तिमाहीवर आणली, कारण चाचण्या मीच करते आणि काच ह्यांना घासायला आवडते. ज्यांच्या घरी बादल्या उचलणारं आणि रविवारी तासभर देणारं कोणी नाही, त्यांनी महिन्याची घ्यावी, किंवा गोड्या पाण्याची टाकी करावी. नोकरीनिमित्त महिना-महिना घर बंद ठेवणाऱ्यांना हे गृहस्थ स्वतःच परत पाठवतात, आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला पाठवलं. भाड्याच्या घरातल्यांनाही.

सध्या एकच काम अडून आहे. कपाटाच्या बिजागऱ्या साध्या स्टीलच्या बसवल्या गेल्या, खाऱ्या तुषारांनी त्या गंजल्या आणि डावं दार खाली घासतं. 316 ग्रेडच्या स्टेनलेसच्या बदलून देतो असं ते म्हणाले आहेत. मंगळवारी.